आठ कला

उद्यमबागेत, दुसऱ्या पाळीच्या शेवटी
डायल गेजचा काटा थरथरून थांबला.
आठ.
कॅमशाफ्टच्या तिसऱ्या उंचवट्यावर
आठ मायक्रॉन जास्तीचे.
बडिगेर साहेब चष्मा कपाळावर सारत म्हणाले,
"होगली बिडु, रेणुका."
म्हणजे जाऊ दे, सोड.
एवढे दोन शब्द इकडे सगळ्यांनाच कळतात,
जमिनीचा उतारा कुठल्याही लिपीत निघो.

मला कंग्राळकर मास्तर आठवले.
मच्छेच्या शाळेत, कौलं उतरवलेल्या वर्गात
(पत्रे यायचे होते, वर्षभर आलेच नाहीत)
गणिताच्या तासाला मंगळ भेटला तो तिथे.
"हा सरळ चालत नाही," मास्तर म्हणाले,
"मध्येच दोनेक महिने मागे वळतो,
दुकानात विसरलेली पिशवी घ्यायला परतावं तसा.
मग पुन्हा पुढे."

जुन्यांनी ठरवलं होतं,
आभाळात फिरेल ते वर्तुळातच फिरेल.
देवाघरची वस्तू, तिला पोचा कसा पडेल?
मग वर्तुळाच्या कडेवर दुसरं वर्तुळ बसवलं,
मधला बिंदू मधून थोडा सरकवला.
आपल्याकडे मंदफळ, शीघ्रफळ,
पाटीवरची धूळ पुसून पुन्हा बेरीज, पुन्हा वजाबाकी.
"हसू नका रे," मास्तर दरडावत,
"ह्याच चाकांवर ग्रहणं सापडत होती."
चूक उरली की आणखी एक चाक.
त्यातूनही उरली, तर
होगली बिडु.
दीड हजार वर्षं, निरनिराळ्या भाषांत.

मग उत्तरेच्या एका थंड शहरात
अधू नजरेचा एक माणूस मंगळाशी झटत बसला,
पुढ्यात दुसऱ्याच्या डोळ्यांनी घेतलेली मापं.
पाच-सहा वर्षांनी वर्तुळ जुळलं.
जवळजवळ.
आठ कला उरल्या.
आठ कला म्हणजे पुनवेच्या चंद्राचा जेमतेम पाव.
मापं घेणारा चुकला, असं म्हणता आलं असतं,
आणि तो तर मरूनही गेला होता.
नाही म्हटलं ह्यानं.
वर्तुळच बाजूला ठेवलं.

इथे मास्तरांनी खिशातून काढले दोन खिळे
आणि चपला शिवायचा मेणाचा दोरा.
अंगणातल्या लाल मातीत खिळे रोवले,
दोरा ताणून काडी फिरवली,
दबलेलं वर्तुळ उमटलं.
"एका खिळ्यावर सूर्य."
"आणि दुसऱ्यावर?" मी विचारलो.
(आमच्याकडे पोरीही 'विचारलो'च म्हणतात.)
मास्तर जरा थांबले.
"तिथे काही नाही.
पण तो उपटून बघ."
उपटला.
दोरा ढिला पडला.

पुढचं ते घाईत सांगत, घंटा व्हायची असे.
का फिरतो? तर ओढ. अंतर दुप्पट, तर ओढ पाव.
तेवढ्या एका ओळीतून खिळे निघाले, दोरा निघाला.
आणि तरी बुध उरला,
शंभर वर्षांत त्रेचाळीस विकला पुढे.
त्यापायी लोकांनी एक ग्रहच कल्पिला,
दुर्बिणी लावून शोधला. तो नव्हताच.
शेवटी पोकळीच वाकवावी लागली.
"म्हणजे ओढ चूक होती, सर?"
"चूक कशी? जवळजवळ होती."
त्यांनी फळा पुसला.
डोक्यावर छप्पर नव्हतं, खडूची भुकटी उन्हात बराच वेळ दिसत राहिली.

कॅमशाफ्ट गोल नसतोच.
त्याच्या गोल नसण्यावरच पंपाचं इंजिन चालतं
कुठल्यातरी उसात, नदीच्या ह्या काठाला नाहीतर त्या.
पण किती गोल नाही, हे ठरलेलं असतं.
मी पिवळ्या खडूनं फुली मारली.
बडिगेर काही बोलले नाहीत, रजिस्टर पुढे सरकवलं.
मी मराठीत लिहिलं, आठ.
खाली त्यांनी कन्नडात सही केली.

तिसऱ्या गेटाशी मालगाडीसाठी थांबावं लागलं.
यळ्ळूरच्या गडावर मंगळ होता, तांबूस.
मागे वळत असावा.
एका रात्रीत कळत नाही ते.
उद्या ह्याच खांबाला टेकून
बघायला हवं.